हातमोज्यावरचे शब्द

डावा हात पुढे करा. कोपराच्या अलीकडेपर्यंत येणारा जाड कातडी हातमोजा तुमच्या हातात चढवला जातोय. आतून तो ओलसर आहे आणि बाहेरून त्यावर वाळलेल्या रक्ताचे डाग आहेत. साल 1390, ऑक्टोबर महिना, उजाडायला अजून अवकाश आहे. लंडनच्या तटाबाहेर पडून वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्याकडे निघालं की वाटेत चेअरिंग नावाचं खेडं लागतं. राणी एलेनॉरच्या स्मरणार्थ शंभरेक वर्षांपूर्वी उभारलेला दगडी क्रूस तिथे आहे. त्याच्याजवळच एका इमारतीत राजा दुसरा रिचर्ड याचे शिकारी पक्षी राहतात. तिथे तुम्ही आजपासून हरकाम्या म्हणून लागला आहात.

आत शिरल्यावर आधी वास येतो: पेंढ्याचा, कच्च्या मांसाचा, चुनखडीसारख्या पांढऱ्या शिटेचा. मग डोळे अंधाराला सरावतात आणि आडव्या दांड्यांवर बसलेल्या आकृत्या दिसू लागतात. उन्हाळाभर हे पक्षी इथे कोंडून होते. जुनी पिसं गळून नवी येईपर्यंत त्यांना उडवायचं नाही असा दंडक आहे. लॅटिनमध्ये ‘मुतारे’ म्हणजे बदलणं. त्यावरून फ्रेंचांनी पिसं टाकण्याला ‘म्यूए’ म्हटलं, आणि पिसं टाकायची कोठडी ती ‘म्यू’. अशा कोठड्या जिथे ओळीनं आहेत ते हे ‘म्यूज’. आता थंडी सुरू होतेय, पिसं भरून आली आहेत आणि कामाचा हंगाम उघडतोय.

म्होरक्या बाजदार दोन भाषा बोलतो. सरदार आले की फ्रेंच, तुमच्यासारख्या पोरांशी इंग्रजी. पण पक्ष्याची गोष्ट निघाली की इंग्रजी वाक्यातही शब्द फ्रेंचच येतात. ससाणे पाळणं इंग्लंडात पूर्वीपासून होतं, पण 1066 नंतर आलेल्या नॉर्मन मालकांनी त्याची भाषा आपली करून टाकली. पक्षी मालकाचा आणि शब्दही मालकाचा, मात्र रात्र रात्र त्याच्यापाशी जागणारा माणूस इंग्रज. पुढची काही शतकं तुम्ही ज्या शब्दांच्या मागे फिरणार आहात, त्यांना आकार दिला तो या जोडीनं.

त्याचा पुरावा कोपऱ्यात बसून चिरकतोय. माणसाच्या हातून भरवून घेतलेलं, घरट्यातून काढलेलं पिल्लू ते. मोठं झालं तरी त्याची कटकट जात नाही. ‘अ नायस,’ बाजदार वैतागून म्हणतो. घरट्याला लॅटिनमध्ये ‘निदुस’, त्यावरून फ्रेंच ‘निए’, आणि त्याचं इथलं रूप ‘नायस’. तुमच्या शेजारचा पोरगा लिहायला-वाचायला शिकलेला नाही. ‘अ नायस’ म्हणा किंवा ‘ॲन आयस’ म्हणा, त्याच्या कानाला एकच. हळूहळू त्या शब्दातला ‘न’ सुटून मागच्या शब्दाला चिकटेल. शंभरेक वर्षांनी इंग्लंडभर लोक ‘आयस’ म्हणतील, आणि ही चूक होती हे कुणाच्या गावीही नसेल. फ्रान्समध्ये मूळ शब्द टिकला, पण बावळट माणसाला लावायचा म्हणून. पुस्तकातून शिकलेल्या शब्दाची अशी मोडतोड होत नाही. ‘आयस’ हा अंधाऱ्या खोलीत, काम करता करता, कानानं उचललेला शब्द आहे.

तुमच्या वाट्याला आलेला पक्षी वेगळा आहे. शरदात दक्षिणेकडे निघालेला असताना जाळ्यात धरलेला, या वर्षीच जन्मलेला पेरेग्रिन. मादी. या घरात ‘फाल्कन’ म्हणजे मादीच, कारण मोठी आणि ताकदवान तीच असते. नराला ‘टर्सल’ म्हणतात, लॅटिनमधल्या ‘तिसरा’ या शब्दावरून, कारण तो मादीपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं लहान. तिसऱ्या अंड्यातूनच नर निघतो, अशीही एक समजूत बाजदार तुम्हाला ऐकवतो.

दारात कुणीतरी उभं आहे. कंबरेला दौत-लेखणी, थोडं सुटलेलं पोट, नजर छताच्या वाशांवर. गेल्या वर्षीच्या जुलैपासून राजाच्या बांधकामांचा कारभार या माणसाकडे आहे आणि हे म्यूजही त्याच्या यादीत येतं. नाव जेफ्री चॉसर. पक्ष्यांच्या सभेवर त्यानं एक कविता लिहिली आहे. त्यात एका गरुडमादीसाठी तीन ‘टर्सल’ आपापली बाजू मांडतात. आज मात्र तो कुठलं छत गळतंय एवढंच विचारतो आणि निघून जातो.

आता मन घट्ट करा. बाजदारानं पक्षी कापडात गुंडाळून घेतलाय, फक्त डोकं बाहेर आहे. त्याच्या दुसऱ्या हातात बारीक सुई आहे. खालच्या पापणीच्या कडेतून तो एक टाका घेतो, दुसऱ्या डोळ्याच्या पापणीतून दुसरा, आणि दोन्ही दोरे डोक्यावर नेऊन सैलसर गाठ मारतो. खालच्या पापण्या वर ओढल्या जातात आणि पक्ष्याचं जग बंद होतं. याला ‘सील’ करणं म्हणतात, फ्रेंचमधल्या पापणीच्या शब्दावरून. पाकिटाला लावायच्या सीलशी त्याचं नातं नाही. दिसत नाही म्हणून पक्षी घाबरत नाही, ही त्यामागची समजूत. दोरा रोज थोडा थोडा सैल होईल आणि माणसाचं जग त्याला हप्त्याहप्त्यानं दिसू लागेल. कातडी टोपी घालून डोळे झाकायची पद्धत पूर्वेकडून आलेली आहे. जर्मन-सिसिलियन सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं 13व्या शतकात बाजदारीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात ती अरबांकडून शिकल्याचं तो स्वतः सांगतो. इथे दोन्ही रीती चालतात.

मग साज. पायांत अडकवायच्या दोन आखूड कातडी पट्ट्या म्हणजे ‘जेस’. फ्रेंचमधल्या फेकण्याच्या शब्दातून ते आलं, कारण याच पट्ट्या सोडून पक्षी हवेत सोडायचा. पट्ट्यांच्या टोकाला चांदीची बारीक कडी, त्यावर मालकाचं नाव किंवा चिन्ह. राजा तिसऱ्या एडवर्डनं 1360मध्ये कायदा केला होता की हरवलेला ससाणा सापडला तर तो शेरीफकडे नेऊन द्यायचा आणि शेरीफनं गावोगाव दवंडी पिटायची. त्यामुळे ते कडं ही नुसती शोभा नाही. पायांत दोन घुंगरं, दोघांच्या आवाजात अर्ध्या सुराचा फरक असलेली; म्हणजे झुडपात उतरलेला पक्षी वाऱ्यातही ऐकू यावा. घुंगरं मिलानची असतील तर मालक श्रीमंत.

आणि मग जागरण. या कामाला इंग्रजीत ‘मॅनिंग’ म्हणतात, पक्ष्याला माणसाची सवय करणं. मारून काही साधत नाही. चाबूक दाखवला की घोडा वळतो, पण ससाण्यावर एकदा हात उगारला की त्याच्या लेखी तुम्ही कायमचे शत्रू. तुमच्याकडे दोनच गोष्टी आहेत: त्याची भूक आणि तुमचा धीर. पहिल्या रात्री ती दर थोड्या वेळानं मुठीवरून झेपावते आणि जेसला उलटी लटकून पंख झोडपत राहते. हे ‘बेट’ करणं, फ्रेंचमधल्या झोडपण्याच्या शब्दावरून. तुम्ही उजव्या हातानं छातीखाली आधार देऊन तिला पुन्हा मुठीवर बसवता. पुन्हा झेप. पुन्हा आधार. खांदा भरून येतो, पापण्या जड होतात, पण झोपायचं नाही. तिच्या छातीचं मधलं हाड बोटानं चाचपून पाहायचं आणि ती किती भुकेली आहे ते ठरवायचं. सकाळी तिनं ओकलेली पिसाहाडांची गोळीही फोडून पाहायची. तब्येतीचा तेवढाच काय तो दाखला.

तिसऱ्या की चौथ्या रात्री कधीतरी ती मान खाली घालते आणि बोटांमधला मांसाचा तुकडा ओढून घेते. थोड्या वेळानं तिची सगळी पिसं फुलतात, अंगाला एक जोराचा झटका बसतो आणि पिसं पुन्हा जागच्या जागी बसतात. बाजदार कोपऱ्यातून बघत असतो. ‘राउझ केलं,’ तो म्हणतो आणि पहिल्यांदाच तुमच्याकडे बघून मान हलवतो. निवांत झालेला पक्षीच असं करतो. पुढे ‘राउझ’चा अर्थ जागं करणं, चेतवणं असा होत जाईल, पण इंग्रजीतला त्याचा सर्वांत जुना उपयोग हाच, पिसं झटकण्याचा.

आता मैदान. जेसला एक लांब बारीक दोरी बांधलेली आहे, तिला ‘क्रीअन्स’ म्हणतात. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ विश्वास. बँकवाल्यांचं ‘क्रेडिट’ त्याच मुळातलं. पक्ष्यावर विश्वास बसेपर्यंत दोरी असते, बसला की सोडायची. दुसऱ्या टोकाला तुम्ही, हातात ‘ल्युअर’: कातडी गोळा, त्याला बांधलेले पक्ष्याचे पंख, वर मांसाचा तुकडा. तुम्ही तो गरगर फिरवता. दूरवर बसलेली ती मान वर करते, एकदा, दोनदा, आणि जमिनीलगत सरळ तुमच्याकडे येते. ‘ल्युअर’चा अर्थ आमिष. इंग्रजीतलं ‘अल्युअर’, म्हणजे मोहिनी, याच गोळ्यापासून निघालं. परफ्यूमच्या बाटल्यांवर तो शब्द दिसला की त्याच्या बुडाशी हा मांसाचा तुकडा होता, एवढं लक्षात ठेवा.

क्रीअन्स सुटते तो दिवस थंड आणि लख्ख आहे. ती मुठीवरून निघते आणि चकरा घेत चढत जाते, डोक्यावर एक ठिपका होईपर्यंत. या उंचीला ‘पिच’ म्हणतात. पाणथळीतून बदक उठतं. ठिपका पंख मिटतो. ‘स्टूप’: ती सरळ खाली येतेय, घुंगरांतून शिट्टीसारखा आवाज निघतोय. धडक बसते, हवेत पिसांचा फुगारा उडतो. तुम्ही धावत पोहोचता तेव्हा ती शिकारीवर पंख पसरून, अंगाखाली झाकून बसली आहे. हे ‘मँटल’ करणं, घोंगडीसारखं. तुम्ही तिला काळीज काढून देता आणि ती तुमच्या मुठीवर येते. ती येते यातच सगळं आलं, कारण या घटकेला तिला बांधून ठेवणारं काहीही नाही. एखादा पक्षी शिकार दिसूनही पाठ फिरवतो आणि भलतीकडे निघून जातो. त्याला बाजदार ‘टर्न टेल’ म्हणतात. पळपुट्या माणसांना हा शब्द नंतर मिळाला.

संध्याकाळी म्यूजमध्ये परतल्यावर दिसतं की तिच्या उजव्या पंखातलं एक मोठं पीस मधोमध मोडलं आहे. बाजदार पेटी उघडतो. गेल्या वर्षी गळलेली पिसं त्यात पंखानुसार, क्रमानुसार जपून ठेवली आहेत. मोडलेल्या पिसाचं खोड तो तिरकं कापतो. दोन्ही टोकांना निमुळती होणारी तीनधारी लोखंडी सुई व्हिनेगरात बुडवतो, अर्धी खोडात, अर्धी नव्या पिसात सरकवतो आणि दाबून धरतो. रात्रभरात सुई गंजेल आणि गंजानंच पीस घट्ट धरून ठेवेल. याला ‘इम्प’ करणं म्हणतात, आणि हा शब्द फ्रेंच नाही. तो अस्सल इंग्रज मळेकऱ्यांचा, फांदीवर कलम करण्याचा. मालकाच्या पक्ष्यावर नोकराची विद्या चालली तिथे नोकराचाच शब्द राहिला. कलमाची डहाळी, मग घराण्याची डहाळी म्हणजे मूल, मग सैतानाचं मूल, असं करत हाच ‘इम्प’ आज इंग्रजीत कार्टं या अर्थानं नांदतोय. दुसऱ्या रिचर्डवर शेक्सपियरनं दोनशे वर्षांनी नाटक लिहिलं, त्यात एक सरदार देशाच्या मोडक्या पंखाला नवी पिसं कलम करायची भाषा करतो. तुम्ही ते काम प्रत्यक्ष पाहिलंय.

डोळे मिटा आणि उघडा. 1486. लंडनच्या उत्तरेला वीसेक मैलांवर सेंट ऑल्बन्स. अंगाला शाईचा वास, कानात लाकडी छापयंत्राची करकर. इथल्या मुद्रकाचं नाव कुणाला ठाऊक नाही. लोक त्याला नुसतं शाळामास्तर म्हणतात. त्याच्या हातून बाजदारी, शिकार आणि सरदारांची कुलचिन्हं यांवरचं पुस्तक छापून होतंय. कुलचिन्हांच्या पानांवर तो रंगीत छपाई करतोय. इंग्लंडमध्ये हे पहिल्यांदाच घडतंय. पुस्तकाशी ज्युलियाना बर्नर्स या बाईंचं नाव जोडलं गेलंय, पण त्यांनी नेमकं किती लिहिलं यावर अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही.

ओलं पान हातात घ्या. एक यादी आहे: सम्राटाला गरुड, राजाला गिरफाल्कन, अर्लला पेरेग्रिन, सरदारकन्येला मर्लिन, शेतकरी यीमनला गॉसहॉक, पाद्र्याला स्पॅरोहॉक, आणि देवळात पवित्र पाणी शिंपडणाऱ्या सेवकाला ‘मस्केट’, म्हणजे स्पॅरोहॉकचा इवलासा नर. हा कायदा असल्याचं आजही कुणीकुणी सांगतं. तुम्ही म्यूजमधून आला आहात, तुम्हाला हसू येईल. गरुड मुठीवर घेऊन शिकारीला जाणारा सम्राट तुम्ही पाहिलेला नाही. ही समाजाची उतरंड आहे, पक्षी फक्त पायऱ्या म्हणून वापरलेत.

त्याहून बोलकी पानं पुढे आहेत. ससाणा अंग झटकतो असं म्हणू नये, ‘राउझ’ करतो म्हणावं. चोच पुसतो म्हणू नये, ‘फीक’ करतो म्हणावं. नखं म्हणू नये, ‘पाउन्स’ म्हणावं. म्यूजमध्ये हे शब्द काम भागवायला होते. तिथे ‘राउझ’ म्हटलं की पक्षी निवांत झाला हे कळायचं. इथे ते खानदान ओळखायची खूण झाले आहेत. ज्याला ते येतात तो घरंदाज, ज्याला येत नाहीत तो नवश्रीमंत. त्या नवश्रीमंतासाठीच तर पुस्तक छापलंय. 1598मध्ये बेन जॉन्सनच्या एका विनोदी नाटकात स्टीफन नावाचा खेडवळ तरुण येईल. त्यानं ससाणा, टोपी, घुंगरं सगळं विकत आणलंय; आता फक्त ते शब्द शिकवणारं पुस्तक हवंय. प्रेक्षक हसतील. त्या पहिल्या प्रयोगातल्या नटांच्या यादीत विल्यम शेक्सपियर हे नाव आहे.

वाटेत 1534मध्ये थोडं थांबा. चेअरिंगचं तुमचं म्यूज पेटलंय. आठवा हेन्री ते पुन्हा बांधतो, पण पक्ष्यांसाठी नाही, घोड्यांसाठी. नाव मात्र तेच ठेवतो. तेव्हापासून ‘म्यूज’ म्हणजे तबेला. पुढे लंडनच्या श्रीमंत घरांमागे तबेल्यांच्या गल्ल्या झाल्या त्यांनाही तेच नाव मिळालं. घोडे गेले, मोटारी आल्या. मोटारीही हलल्या आणि त्या तबेल्यांत माणसं राहायला आली. आज लंडनमध्ये म्यूजमधलं घर घ्यायचं म्हणजे खिसा चांगलाच गरम हवा. पिसं टाकायच्या कोठडीचा हा प्रवास.

30 एप्रिल 1610, टेम्सच्या दक्षिण काठावर ग्लोब नाटकघर. एक पेनी देऊन तुम्ही उघड्या अंगणात उभे आहात. वरच्या गॅलरीत व्युर्टेमबर्गचा राजपुत्र बसलाय. आजच्या नाटकाची नोंद त्याच्या दौऱ्याच्या दैनंदिनीमुळे टिकून राहणार आहे. रंगमंचावर ऑथेल्लो. संशयानं पोखरलेला हा सेनापती बायकोविषयी बोलताना एकामागून एक बाजदारीचे शब्द काढतो: ती ‘हॅगर्ड’ निघाली तर जेस माझ्या काळजाच्या तारांचे असले तरी मी तिला वाऱ्याच्या दिशेनं सोडून देईन. तुमच्या शेजारचा खाटीक मान डोलावतो. त्याला समजावून सांगावं लागत नाही. ससाणा वाऱ्याच्या तोंडावर सोडतात. वाऱ्याबरोबर सोडला तो परत येऊ नये म्हणूनच.

पण ‘हॅगर्ड’ ऐकताना तुमच्या मनात काहीतरी खटकलं पाहिजे. हा शब्द इंग्रजीत 16व्या शतकात आला. पूर्ण वाढ झाल्यावर, रानात शिकार करून जगलेल्या अवस्थेत धरलेली मादी, असा त्याचा अर्थ. बहुधा जर्मन मुळातल्या कुंपण, झाडी या शब्दावरून. माणसाळवायला ती सर्वांत कठीण. पण जमली तर तिच्यासारखी शिकारी नाही, कारण वारा, पाणी, बदकाची चाल हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. बाजदार हा शब्द आदरानं उच्चारतो. नाटकात त्यातला आदर गळून फक्त संशय उरलाय.

शेक्सपियरच्याच ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकातही हेच घडतं. पेट्रुकिओ आपल्या बायकोला, केटला, उपाशी आणि जागं ठेवायचा बेत आखतो तो थेट म्यूजमधला. म्यूजमधल्या त्या रात्री तुम्ही मात्र तुमच्या ससाणा मादीइतकेच जागला होता, आणि शेवटी दोरी सोडल्यावर उडून जायची मुभा तिला होती. आली ती आपणहून. केटला ती मुभा नाही. शब्द मुठीवरून उचलून माणसांवर लावले तेव्हा त्यांतली ही निम्मी अट मागे राहिली. पुढे ‘हॅगर्ड’ आणखी घसरला. चेटकिणीच्या ‘हॅग’ या शब्दाची सावली पडून तो ओढलेल्या, खंगलेल्या चेहऱ्याला लागू झाला. आज रात्रपाळी करून आलेल्या माणसाला इंग्रज ‘हॅगर्ड’ म्हणतो, तेव्हा रानातल्या त्या कसलेल्या शिकारी मादीची आठवण कुणालाच नसते.

एव्हाना मैदानात दुसराच आवाज येऊ लागलाय. इटलीत इवल्या नर स्पॅरोहॉकला माशीच्या आकाराचा म्हणून ‘मोस्केत्तो’ म्हणायचे. तेच नाव आधी धनुष्ययंत्राच्या बाणाला आणि मग बंदुकीला लागलं आणि इंग्रजीत ‘मस्केट’ म्हणून आलं. तोफांनाही पक्ष्यांची नावं पडली: फाल्कन, फाल्कनेट, आणि अरबी ‘सक्र’वरून आलेली ‘सेकर’. उडून जाऊन मारणाऱ्या वस्तूला उडणाऱ्या जीवाचं नाव द्यायची खोड आपल्याकडेही होती. मराठी फौजांतल्या ‘जंबुऱ्या’चं मूळ फारसीतल्या गांधीलमाशीच्या शब्दात आहे. देवळातल्या सेवकाच्या वाट्याला आलेल्या त्या पक्ष्याचं नाव घेऊन बंदूक आली आणि तिनं राजांचे ससाणे निकामी केले. गोळीनं बदक पाडायला कुणाला चार रात्री जागावं लागत नाही. 1642मध्ये यादवी युद्ध पेटलं, मोठमोठे वाडे मोडले, आणि त्यांच्यासोबत बाजदारांच्या नोकऱ्याही.

शब्दांचा ओघ त्यानंतर उलट्या दिशेनंही वाहिला. मुंबई लष्करातला अधिकारी रिचर्ड बर्टन, ज्यानं मराठीचीही परीक्षा दिली होती, सिंधमध्ये तिथल्या बाजदारांबरोबर फिरला आणि 1852मध्ये सिंधूच्या खोऱ्यातल्या बाजदारीवर लंडनमध्ये त्याचं पुस्तक निघालं. भुकेनं आणि तयारीनं धारेवर आलेल्या पक्ष्यासाठी इंग्रज बाजदार आज ‘याराक’ म्हणतात, तो शब्द पूर्वेकडचाच. आपला शिक्रा त्याच नावानं इंग्रजी पक्षिकोशांत गेला. लाहोरची घुंगरं युरोपात आजही नावाजलेली आहेत. आणि पेरेग्रिनला आपण बहिरी ससाणा म्हणतो, त्याच्या कानात काही दोष नाही. अरबी ‘बहर’ म्हणजे समुद्र, तेव्हा हा दर्यावरचा ससाणा. ‘नायस’चं ‘आयस’ झालं तसंच हेही, फक्त इथे शब्द बदलला नाही, ऐकणाऱ्यानं आपल्या ओळखीचा अर्थ त्यात भरला.

आता लंडनमध्ये, आजच्या दिवसात या. तुमचं म्यूज होतं तिथे नॅशनल गॅलरी आहे, 1838पासून. समोर ट्रॅफल्गार चौक. या शतकाच्या सुरुवातीला चौकातली कबुतरं पिटाळण्यासाठी पालिकेनं पाळीव हॅरिस हॉक आणला, म्हणजे अमेरिकेतला पक्षी, भाड्याच्या मुठीवर. पर्यटकांच्या घोळक्यापुढे एक वाटाड्या रंगात येऊन सांगतोय की इंग्रजीतले कितीतरी वाक्प्रचार ससाण्यांचे. पोट भरलेला ससाणा शिकार करत नाही म्हणून ‘फेड अप’. पक्षी पितो त्याला ‘बाउझ’ म्हणायचे म्हणून दारूला ‘बूझ’. पक्ष्यांची चौकट वाहणारा तो ‘कॅजर’. जेस अंगठ्याखाली दाबतात म्हणून ‘अंडर द थंब’. टोपी घालतात म्हणून ‘हुडविंक’. घोळका माना डोलावतोय.

तुम्ही मान डोलवायची गरज नाही. हातमोजा तुम्ही घातला होता. ‘बाउझ’ हे डच पियक्कडांकडून आलेलं माणसांचं क्रियापद. ते ससाण्यांनाही लागलं इतकंच, उगम तिथला नव्हे. ‘कॅजर’ म्हणजे गावोगाव फिरणारा विक्रेता, आणि हा शब्द ससाण्यांच्या चौकटीच्या नावाहून जुना. ‘हुडविंक’मधली ‘विंक’ म्हणजे डोळे मिटणं, आणि ‘हुड’ कुणाचीही टोपी. डोळे बांधण्याच्या सगळ्याच प्रकारांना तो शब्द चालायचा, ससाणा त्यातला एक. कंटाळण्याच्या अर्थाचं ‘फेड अप’ इंग्रजीत रुळलं ते गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर, जेव्हा बहुतेक इंग्रजांनी ससाणा मुठीवर बसलेला पाहिलाही नव्हता. ‘अंडर द थंब’ला बाजदारीच्या जुन्या पुस्तकांचा आधार नाही. खरे वारस कमी आहेत आणि कमी चकचकीत आहेत: म्यूज, अल्युअर, पाउन्स, राउझ, हॅगर्ड, टर्न टेल.

वाटाड्या खोटं बोलतोय असं नाही. त्याला अडवणारं कुणी नाही, एवढंच. 1390मध्ये चुकीचा शब्द वापरला असता तर पोरानं भलतंच काम केलं असतं आणि राजाचा पक्षी उडून गेला असता. बाजदारानं कान उपटला असता. शब्द रोज कामावर घासून निघत होता. 1486मध्ये तो खानदानाची खूण झाला, 1610मध्ये रूपक झाला, आणि पक्षी गेल्यावर कुणीही कुठलीही गोष्ट त्याला चिकटवावी इतका मोकळा झाला. तेव्हा यापुढे कुणी एखादा इंग्रजी शब्द ससाण्याच्या खात्यावर जमा करू लागला तर त्याला एवढंच विचारा: रात्री जागणाऱ्या माणसाला हा शब्द कशासाठी लागत होता? ‘क्रीअन्स’ला उत्तर आहे, ‘इम्प’ला आहे, ‘आयस’च्या चुकीलासुद्धा आहे. उत्तर नसेल तर तो शब्द म्यूजमध्ये कधी गेलाच नव्हता.